तांडेल सांगेल तसं

बँकेत खातं उघडायला गेले होते. फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता, त्यात मी लिहिलं, 'मुलांना खेळवणे'. काउंटरवरच्या साहेबांनी ते खोडलं, वर 'गृहिणी' लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी 'गृहिणी' खोडून पुन्हा 'मुलांना खेळवणे' लिहिलं. साहेब म्हणाले, "बाई, हा काही व्यवसाय नाही." मी म्हटलं, "तुमच्या घरी दोन मुलं आहेत ना? रविवारी तीन तास त्यांना खेळवून बघा, मग बोलू." ते हसले आणि फॉर्म तसाच ठेवून घेतला. माझं खातं आजही त्याच व्यवसायावर चालू आहे.

लग्नाआधी मी लांज्याला बालवाडी चालवत होते. नव्वदच्या आसपास आम्ही मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आलो. इमारती उभ्या राहिल्या होत्या, बाकी सगळं यायचं होतं. पाणी टँकरने यायचं. बाग नव्हती, मैदान नव्हतं. आमच्या इमारतीत बालवाडीतली तीन मुलं (त्यातलं एक माझं), चौथीतली एक मुलगी, सातवीतला एक मुलगा असा सगळा हिशोब होता. एका वयाची जोडी जमायची नाही. एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी गुजराती, तिसऱ्याच्या घरी मल्याळम. खाली पार्किंगमध्ये सगळी एकत्र जमायची, कसंबसं हिंदीत बोलायची, आणि पाऊण तासात कुणीतरी रडत वर यायचं. बहुतेक वेळा सगळ्यात लहान असलेलंच.

लहान मुलाला खेळात घ्यायचा आपल्याकडचा मार्ग म्हणजे त्याला लिंबूटिंबू करायचं. तो पळणार, ओरडणार, पण आउट होणार नाही आणि त्याच्यावर राज्यही येणार नाही. मोठ्यांना वाटतं, आपण किती दयाळू. पण त्या मुलाला दोन दिवसांत कळतं की आपण खेळात असलो काय आणि नसलो काय, कुणाला फरक पडत नाही. मी खाली उतरून मुलांना खेळवायला लागले तेव्हा पहिला नियम तोच केला. इथे लिंबूटिंबू कुणी नाही.

बोलायला सोपं आहे. चार वर्षांचं आणि चौदा वर्षांचं मूल एका खेळात खरोखर घ्यायचं तर तो खेळच वेगळा रचावा लागतो. माझी सगळी कमाई त्यातली आहे. एक उदाहरण सांगते. नुसती शर्यत लावली तर मोठा जिंकणार. मी त्याचं टपाल खातं केलं. इमारतीचे चार कोपरे म्हणजे चार गावं. पत्र पोचवायचं काम मोठ्याचं, पण पत्ता मी फक्त छोट्याच्या कानात सांगणार. आता मोठ्याला छोट्याचा हात धरून पळावंच लागतं, आणि छोट्याला पत्ता लक्षात ठेवावाच लागतो. तो विसरला तर दोघंही अडकले. पहिल्या दिवशी मोठे वैतागले. चौथ्या दिवशी ते छोट्यांना जिन्यात बसवून पत्ते पाठ करायची सवय लावत होते.

असे विषय मी करत गेले. कधी इस्पितळ, कधी सर्कस, कधी चंद्रावरची वस्ती. विषय असला की मूल नियम मोडत नाही, कारण ते नियम पाळतच नसतं, ते पोस्टमन असतं. हळूहळू शेजारच्या इमारतींतली मुलं यायला लागली. माझ्या मजल्यावरची फरिदाभाभी मदतीला येऊ लागली. तिची तीन मुलं खाली असल्यावर ती एकटी वर काय करणार, असं ती म्हणायची; पण खरं तर तिलाच खेळायला आवडायचं. मे महिन्यात आम्ही पंधरा दिवसांचं शिबिर घ्यायला लागलो.

तिसऱ्या का चौथ्या शिबिराच्या वेळी जयंतीभाई माझ्याकडे आले. त्यांचं स्टेशनजवळ साड्यांचं दुकान. मुलगा हितेश, तेरा वर्षांचा, लांब पायांचा, आमच्या भागात त्याच्याइतकं जोरात कुणी पळत नव्हतं. जयंतीभाई म्हणाले, "बेन, हितेश को पहला नंबर आना चाहिए. दुसरा मला चालत नाय. इनाम मी देतो, मोठा कप आणतो."

मी सांगितलं, "आमच्याकडे नंबर नसतात."

"नंबर नाय तो खेल कैसा?"

"तुम्ही पंधरा दिवस पाठवा. नाही आवडलं तर नका पाठवू."

ते नाराजीनेच गेले, पण हितेश आला. पहिला आठवडा त्याने मला छळलं. छोट्यांना घेऊन पळायची वेळ आली की त्यांना अक्षरशः ओढायचा. एकाचा गुडघा फुटला. मी रागावले तर म्हणाला, "ते स्लो आहेत, त्यात माझी काय चूक?" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून त्याच्यासाठी मी त्या वर्षीचा शेवटचा मोठा खेळ रचला. खेळ बोटीचा.

एका बोटीत सहा मुलं. एक लांब दोर, त्याला सहा गाठी, प्रत्येकाने आपली गाठ धरायची. सगळ्यात पुढे सगळ्यात लहान मूल, ते तांडेल. इकडच्या किनाऱ्यावर बोटीचा प्रमुख म्हणजे तांडेल. त्याच्या हातात काठी. तो सांगेल तिकडे बोट जाणार, तो थांबला की सगळे थांबणार. पाणी आलं, म्हणजे खेळातलं पाणी, तर तांडेलाने आधी काठी टेकवून बघायची आणि मगच बोट पुढे. सगळ्यात मागे सगळ्यात मोठं मूल, तो नांगर. बोट कुठे घसरली, कुणी पडलं, तर नांगराने जिथल्या तिथे खाली बसायचं, म्हणजे दोर ताणून बोट जागेवर राहणार. मी तीन शिट्ट्या वाजवल्या की जो जिथे असेल तिथून आपापल्या गाठीवर यायचं आणि बंदराकडे निघायचं. आठवडाभर आम्ही हे पार्किंगमध्ये घोटून घेतलं. दोर सोडला की बोट बुडाली, एवढी एकच हार त्या खेळात होती.

हितेश नांगर झाला. त्याच्या बोटीची तांडेल सुजाता कांबळे, पाच वर्षांची. तिचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते, मूळचे परभणीकडचे. सुजाता फार बोलायची नाही, पण एकदा "नाही" म्हणाली की तिला कुणी हलवू शकत नसे. हितेशने पहिल्याच दिवशी मागून ढकलून बघितलं. ती मट्कन खाली बसली आणि वीस मिनिटं बोट पार्किंगच्या खांबाजवळ उभी राहिली. त्यानंतर त्याने ढकलणं सोडलं.

शेवटच्या दिवशी खरी मोकळी जागा हवी होती. जवळच्या मुर्धा गावात खाडीच्या बाजूला एक बंद पडलेलं मिठागर होतं. चौकोनी कोरडे वाफे, मधून मातीचे बांध, कडेला पाण्याचा जुना चर. मी आदल्या रविवारी जाऊन सगळं बघून आले. चर कोरडा ठाक होता. गावात एकाला विचारलं, इथे साप आहेत का, काचा आहेत का, मुलांना आणलं तर चालेल का. तो म्हणाला, आणा की. मी सगळं विचारलं. भरतीचं विचारलं नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. सुजाताच्या आईने सगळ्या मुलांना पुरेल एवढी खीर पाठवली होती. मी दोन वाट्या खाल्ल्या. कोकणात जन्म गेला आणि पौर्णिमेची खीर खाताना उधाणाच्या भरतीची आठवण झाली नाही, ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही. आमचं गाव समुद्रापासून लांब, डोंगरात, हे कारण मी पुष्कळ दिवस सांगत होते. ते खरं आहे, पण पुरेसं नाही.

सकाळी साडेआठला आम्ही पोचलो. छत्तीस मुलं, सहा बोटी, मी आणि फरिदाभाभी. रस्त्यालगतचा उंच बांध म्हणजे बंदर. वाफ्यांमध्ये मी रंगीत चिठ्ठ्या लपवल्या होत्या, त्या शोधत बोटींनी बेटं पालथी घालायची. खेळ इतका रंगला की ऊन चढलेलं कुणाला कळलं नाही. साडेअकराच्या सुमाराला पाच बोटी अलीकडच्या वाफ्यांत होत्या. सुजाताची बोट चर ओलांडून पार पलीकडे, खाडीच्या अंगाला गेली होती. सकाळी चर ओलांडताना त्यांची पावलंसुद्धा भिजली नव्हती.

रस्त्याच्या बांधावरून एक बाई हाका मारत आली. पन्नाशीची असेल, नऊवारी कासोट्याची, हातात मासळीची रिकामी पाटी. ती हिराबाय, हे मला नंतर कळलं.

"गो बाय, ही पोरं तुझी हायत?"

"हो."

"त्यांना भायेर काढ. आज उधान हाय. पानी थांबनार न्हाय."

मी वळून बघितलं. चरात पाणी होतं. आवाज नाही, लाट नाही, काही नाही. मघाशी तिथे माती होती आणि आता पाणी होतं, आणि ते बघता बघता अलीकडच्या वाफ्यात पसरायला लागलं होतं.

माझ्या तोंडात शब्द आला होता, 'पळा'. तो मी गिळला, आणि आयुष्यात एवढी एक गोष्ट मी नक्की बरोबर केली. 'पळा' म्हटलं असतं तर मोठी मुलं पळाली असती आणि छोटी चिखलात राहिली असती. मी शिट्टी तोंडात धरली. तीन शिट्ट्या नीट वाजल्या. मग नेहमीच्या, खेळातल्या आवाजात ओरडले, "सगळ्या बोटी बंदरावर. तांडेल सांगेल तसं."

मुलं गाठींवर आली. हे मी लिहितेय तेव्हाही मला ते दृश्य दिसतंय. छोटी पुढे, मोठी मागे, दोर ताठ. घोट्याएवढ्या पाण्यातून पाच बोटी एकामागून एक बांधाला लागल्या. फरिदाभाभी एकेकाला वर ओढून घेत होती आणि मोठ्याने मोजत होती. तिचा आकडा तीसवर थांबला.

सहावी बोट चराच्या पलीकडे उभी होती. आमच्या आणि त्यांच्या मध्ये आता चार-पाच हात रुंद भरलेला चर होता. हितेश एका उडीत तो पार करू शकला असता. मला ते दिसत होतं आणि त्यालाही दिसत असणार. सुजाताने काठी पाण्यात घातली. काठी तिच्या मुठीपर्यंत आत गेली. तिने ती बाहेर काढली, बघितली आणि म्हणाली, "इथून नाही."

मधल्या गाठीवरचा मयूर, सात वर्षांचा, रडायला लागला. "ताई तिकडे आहेत, इथूनच जाऊ या."

"इथून नाही," सुजाता पुन्हा म्हणाली आणि वळली.

हिराबाय माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने हात लांब करून दाखवलं, "त्या आतल्या बांधानं येऊ दे. लांब पडतंय, पन उंच हाय. तू फुडून जा." मी सुजाताला हात करून तो बांध दाखवला, साडी खोचली आणि पाण्यातून त्या बांधाच्या तोंडाशी जायला निघाले. हिराबाय माझ्या मागोमाग होती.

आतला बांध म्हणजे चराच्या टोकाला वळसा घालणारी, जेमतेम एका पावलाची वाट. ओला, निसरडा. सुजाता दर दोन पावलांनी काठी टेकवत होती. पाच मुलं, त्यातली दोन तिच्या दुप्पट वयाची, तिच्या मागून तिच्याच चालीने येत होती. अर्ध्या वाटेवर मयूरचा पाय सरकला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. मी ओरडायच्या आत हितेश खाली बसला होता. दोन्ही टाचा चिखलात रोवून, दोर पोटाशी धरून, पार्किंगमध्ये शिकवलं होतं तसाच. दोर ताठ झाला. मयूरने गाठ सोडली नाही. त्याच्या पुढच्या-मागच्यांनी त्याला वर घेतलं. मग हितेश उठला आणि म्हणाला, "चल तांडेल."

मी त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा पाणी माझ्या मांडीला लागत होतं. हिराबायने मयूरला कडेवर घेतलं, मी सुजाताला उचलायला गेले तर ती काठी आडवी धरून म्हणाली, "मी तांडेल आहे." ती रस्त्याच्या बांधापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली. फरिदाभाभीने छत्तीस म्हटलं आणि तिथेच खाली बसली. हितेश बांधावर चढला आणि त्यानंतर ढसाढसा रडला. मी त्याला जवळ घेतलं. बाकीची मुलं पाण्याकडे बघत होती. एका छोट्याने मला विचारलं, "ताई, पाणी तुम्हीच सोडलं होतं ना?"

हिराबायने मला एकच वाक्य ऐकवलं. "बाय, पोरं आनायच्या आदी गावातल्या बाईमानसाला इचारावं." मी मान खाली घातली.

गोष्ट दाबता आली असती. मुलांचे फक्त कपडे भिजले होते, आणि निम्म्यांना तो खेळच वाटला होता. पण दुपारी मी घरोघर जाऊन सांगितलं की सहा वाजता खाली पार्किंगमध्ये या, मला बोलायचंय. सगळे आईवडील आले. मी उभी राहून घडलं तसं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "चूक माझी आहे. भरतीची चौकशी मी करायला हवी होती, केली नाही."

एकदम सगळे बोलायला लागले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आजपासून हे सगळं बंद. काही झालं असतं तर जबाबदारी कुणाची?" बऱ्याच माना हलल्या. मला त्यांचा राग आला नाही. मीही आई होते.

कांबळे मागे उभे होते. ते पुढे आले आणि सुजाताला विचारलं, "बाळा, तू पाण्यातून का नाही आलीस? ताई तर समोरच होत्या."

"काठी बुडाली."

"मग?"

"काठी बुडाली की बोट न्यायची नाही."

जयंतीभाई तिरमिरीतच होते. त्यांनी हितेशला सगळ्यांसमोर विचारलं, "तू सबसे तेज दौडता है. तू पहिला बाहेर का नाय आला? एक उडी मारली असती तर झालं असतं."

हितेश म्हणाला, "पप्पा, नांगर शेवटी निघतो."

"पण पाणी येत होतं ना, बेटा."

"म्हणूनच ना. मी सोडलं असतं तर मयूर गेला असता."

मयूरची आई रडायला लागली. जयंतीभाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सेक्रेटरींना म्हणाले, "साहेब, मैंने अपने बेटे को तेरह साल में जो नहीं सिखाया वो इस बेनने पंद्रह दिन में सिखाया. ये बंद नहीं होगा. गलती हुई है, तो गलती दुरुस्त करा."

सेक्रेटरी म्हणाले, "पण नक्की केलं काय या मुलांनी, ते तरी आम्हाला समजू द्या." तेव्हा फरिदाभाभीने दोर आणला. म्हणाली, "आप लोग खुद पकडके देखो." पाच मोठी माणसं गाठी धरून उभी राहिली, पुढे सुजाता, मागे सेक्रेटरी स्वतः. मी पार्किंगमध्ये खडूने पाणी काढलं. तीन पावलांत एका गृहस्थाने दोर सोडून शॉर्टकट मारला, दुसरे त्यांच्या मागे निघाले, आणि सेक्रेटरी बसायचं विसरून उभेच राहिले. सुजाता मागे वळून म्हणाली, "बोट बुडाली." मुलं हसून लोळली. मग मोठेही हसले. सेक्रेटरी म्हणाले, "पुन्हा एकदा करू या." चौथ्या वेळी त्यांची बोट बंदराला लागली.

शिबिर बंद झालं नाही. अटी ठरल्या आणि त्या मीच लिहून दिल्या: बाहेर जाताना चार आईवडील बरोबर, आणि जागा ज्या गावाची त्या गावातलं जाणतं माणूस आमच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी मी आणि फरिदाभाभी मुर्ध्याला हिराबायच्या घरी गेलो. तिने आम्हाला ओट्यावर बसवून तिथी मोजायला शिकवलं. कुठल्या तिथीला पाणी किती वाजता भरतं, कधी उतरतं, उधाण कधी आणि पाणी मंद कधी. मी वहीत लिहून घेतलं. इतक्या वर्षांत माझ्या कामातलं सगळ्यात उपयोगी शिक्षण मला त्या ओट्यावर मिळालं.

पुढच्या मे महिन्यात बेव्हर्ली पार्कच्या सोसायट्यांतूनही मुलं आली. एकूण साठ झाली. हिराबायने दिवस ठरवून दिला, अष्टमीचा, पाणी मंद असतानाचा, आणि ओहोटी लागल्यानंतरची वेळ. आम्ही पोचलो तर मुर्ध्यातली बारा मुलं आंघोळ करून, केस विंचरून बांधावर रांगेत उभी होती. हिराबाय म्हणाली, "हीबी खेलतील." आमच्याकडे बारा दोर बांधून तयार झाले. इमारतींतली मुलं गावातल्या मुलांना गाठी शिकवत होती, आणि गावातली मुलं त्यांना कुठला चिखल धरतो आणि कुठला सोडतो ते सांगत होती. हितेश त्या वर्षी चौदाचा झाला होता. त्याने मला न विचारताच सगळ्या नांगरांना एकत्र करून बसायची तालीम दिली. जयंतीभाई दुकान बंद ठेवून आले होते. चार पालकांपैकी ते एक होते. कुठल्या बोटीने किती चिठ्ठ्या आणल्या हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

त्या बारांतलीच एक हिराबायची नात, चार वर्षांची, तिचा हात हिराबायने घट्ट धरून ठेवला होता. सगळ्या बोटी तयार झाल्यावर ती मुलीला घेऊन माझ्याकडे आली आणि तिचा हात माझ्या हातात दिला.

"पान्याकडं मी बघतंय," ती म्हणाली. "तू पोरांकडं बघ."

आणि ती खाडीकडच्या बांधावर पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या नातीला एका बोटीच्या पुढच्या रिकाम्या गाठीवर उभं केलं, काठी दिली. मग शिट्टी वाजवली, आणि बारा बोटी निघाल्या.